साहेबांचे दप्तर जपले, कामगारांचे कुठे आहे?



रेल्वेत किंवा टपाल खात्यात ज्याने नोकरी केली त्याला कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मस्टरवर सही नसेल तर हजेरी नाही. मेमो नसेल तर ड्यूटीवर पाठवल्याचा पुरावा नाही. रजिस्टर पत्राची पावती गहाळ झाली तर पोस्टमनची झोप उडते. चार्जशीटला उत्तर द्यायचे तर तेही लेखी आणि मुदतीच्या आत. आपण सारे जन्मभर कागदाच्या राज्यात राबतो. पण आपल्या युनियनचे जुने कागद कुठे आहेत, असे कोणत्याही शाखेत विचारून पाहा. "होते कपाटात कुठेतरी", "जुन्या सेक्रेटरींच्या घरी असतील", "ऑफिस बदलले तेव्हा रद्दीत गेले" अशीच उत्तरे बहुतेक ठिकाणी मिळतील.

आता राज्यकर्त्यांचे आणि कारखानदारांचे कागद पाहा. संघटनेच्या कामानिमित्त आम्हा कार्यकर्त्यांचे चेन्नईला जाणे होते. तेथे एग्मोर स्टेशनाजवळ तामिळनाडू सरकारचे पुराभिलेखागार आहे. १९०९ साली मद्रास रेकॉर्ड ऑफिस म्हणून ते उभे राहिले. आपल्या पुण्याला जसे पेशवे दप्तर, तसा हा जुन्या मद्रास इलाख्याचा दप्तरखाना. ईस्ट इंडिया कंपनीच्या सतराव्या शतकातील नोंदींपासून पुढचे कागद तेथे आहेत. डच व्यापाऱ्यांचेही आहेत. गव्हर्नरसाहेबांनी कोणाला काय लिहिले, गिरणीच्या मालकांनी सरकारकडे काय मागितले, कोणत्या सभेबद्दल पोलिसांनी काय अहवाल दिला, हे अशा दप्तरात तारीखवार लागलेले असते.

पुढाऱ्यांच्या खाजगी कागदांचीही अशीच बडदास्त आहे. मद्रासचे चक्रवर्ती राजगोपालाचारी, एस. सत्यमूर्ती आणि उद्योगपती असून केंद्रात अर्थमंत्री झालेले टी. टी. कृष्णम्माचारी यांची कागदपत्रे दिल्लीला तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात आहेत. पूर्वी त्याला नेहरू स्मारक म्हणत, २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असे नाव झाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांचे कागदही तेथेच. टाटांचे दप्तर पुण्यात आहे, गोदरेजचे विक्रोळीत.

यात आमची तक्रार नाही. कागद जपणे हे चांगलेच काम आहे आणि ज्यांनी ते केले त्यांचे आभारच मानले पाहिजेत. आपल्या बाजूचेही काही राहिले आहे. ना. म. जोशी यांचे आणि आयटकचे कागद त्याच दिल्लीच्या ग्रंथालयात आहेत. पण तो पसाऱ्यातला एक कोपरा झाला. इतिहास लिहायला बसणारा माणूस जे कागद हाताला लागतात त्यावरूनच लिहितो. मालकाचे पत्र सापडले तर मालकाचे म्हणणे लिहिले जाते, पोलिसाचा अहवाल सापडला तर पोलिसाचे. आपल्याकडे म्हणच आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी.

बिन्नी गिरणीचा धडा

"पुढाऱ्यांचे आणि शेठ लोकांचे जुने कागद वाचून आमचा महागाई भत्ता वाढणार आहे का?" असे काही मित्र विचारतील. त्यांच्यासाठी चेन्नईचेच उदाहरण देतो.

पेरांबूर हे नाव रेल्वे कामगाराला नवे नाही. १८५६ पासून तेथे रेल्वेचे वर्कशॉप आहे आणि १९५५ पासून इंटिग्रल कोच फॅक्टरी. त्याच भागात बिन्नी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या दोन मोठ्या कापडगिरण्या होत्या. गिरण्यांजवळ दुकान चालवणारे जी. सेल्वपती चेट्टियार आणि जी. रामानुजुलु नायडू यांच्याकडे कामगार आपली गाऱ्हाणी घेऊन येत. जेवणाची सुटी इतकी तोकडी, की घास घशाखाली उतरण्याआधी परत कामावर उभे राहावे लागे. या दोघांनी 'न्यू इंडिया' वृत्तपत्रात काम करणारे बी. पी. वाडिया यांना गाठले. वाडिया मूळचे मुंबईचे पारशी, अॅनी बेझंटबाईंचे सहकारी. २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ सालीच मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली होती, हे आपण विसरत नाही. पण नियमित सभासद आणि वर्गणी या पद्धतीने चाललेली देशातली पहिली युनियन म्हणून मद्रासचे नाव घेतले जाते.

१९२० साली गिरणीत टाळेबंदी झाली, डिसेंबरात गोळीबारही झाला. त्याच वेळी बिन्नी कंपनीने मद्रास हायकोर्टात वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. म्हणणे असे, की यांनी कामगारांना नोकरीचा करार मोडायला चिथावले, सबब नुकसानभरपाई द्यावी. कोर्टाने मनाई हुकूम दिला. म्हणजे संपाची हाक देणे हाच पुढाऱ्याचा दिवाणी गुन्हा ठरला. विशेष म्हणजे कंपनी इंग्रजांची, आणि इंग्लंडात १९०६ च्या कायद्याने युनियनला अशा दाव्यापासून संरक्षण मिळून चौदा वर्षे झाली होती. जे संरक्षण मँचेस्टरच्या कामगाराला होते ते मद्रासच्या कामगाराला नव्हते. जानेवारी १९२१ मध्ये तडजोड झाली आणि तिच्यापायी वाडियांना कामगार चळवळीतून बाजूला व्हावे लागले.

हा घाव साऱ्या देशाला लागला. मार्च १९२१ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी कायदा करावा असा ठराव मांडला. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा मंजूर झाला आणि १ जून १९२७ पासून लागू झाला. करार मोडायला लावल्याबद्दल पुढाऱ्यावर दिवाणी दावा चालणार नाही, हे कलम त्यात आले ते मद्रासच्या अनुभवातून. जवळजवळ शंभर वर्षे आपण त्या कलमाच्या छत्राखाली युनियन चालवली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नव्या संहितेत आपले काय राहिले आणि काय गेले यावर गेट मीटिंगमध्ये वाद होतात. वाद करणाऱ्याला मूळ कलम का आले होते हे ठाऊक नसेल, तर काय राखायचे हे तो कसे ठरवणार?

हा सगळा इतिहास आपल्याला कळतो तो सरकारी हुकमांच्या फायलींतून, कोर्टाच्या कागदांतून आणि वाडियांनी १९२१ साली छापलेल्या आपल्या पुस्तकातून. वाडिया शिकलेले, पत्रकार, म्हणून त्यांची बाजू छापून राहिली. सेल्वपती-रामानुजुलु यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून गाऱ्हाणे सांगणाऱ्या कामगाराचे शब्द मात्र शोधूनही फारसे हाती लागत नाहीत.

कागद आपल्या उणिवाही दाखवतात

दप्तरात नेहमी आपल्या सोयीचेच सापडेल असे नाही. १९२१ साली याच गिरण्यांत पुन्हा सहा महिने संप झाला. त्या वेळी बहुसंख्य आदिद्रविड, म्हणजे दलित, कामगार पुन्हा कामावर गेले आणि सवर्ण हिंदू व मुसलमान कामगार संपावर राहिले. पुळियांतोप भागात दंगली पेटल्या, घरे जळाली. २९ ऑगस्टच्या गोळीबारात सहा माणसे मेली. अखेर संप मोडला. मालकाने आणि सरकारी अंमलदारांनी या फुटीचा फायदा घेतला हे खरेच. पण जे वस्तीत आणि पाणवठ्यावर दूर ठेवले जातात ते संपाच्या दिवशी जवळ का यावेत, याचे उत्तर त्या वेळच्या युनियनपाशी नव्हते, हेही खरे.

हाच प्रश्न मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी उपस्थित केला. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नाहीत, त्याबद्दल युनियन काय करणार, असे त्यांनी विचारले. पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. रेल्वेत आपल्या माणसाला गँगमनच्या वर जाऊ देत नाहीत, हे बाबासाहेबांनी तेथे सडेतोड सांगितले. ते भाषण छापून राहिले म्हणून आज प्रत्येक रेल्वे कामगाराला वाचता येते. बाबासाहेबांचे स्वतःचे कागदसुद्धा त्यांच्या मागे वर्षानुवर्षे पेट्यांतून पडून होते. वसंत मून यांच्यासारखा चिकाटीचा माणूस मिळाला आणि १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने खंड छापायला घेतले. एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांची ही कथा, मग तुमच्या आमच्या शाखेच्या वह्यांचे काय सांगावे?

पोलिसांनी राखलेली आपली पत्रके

यात एक गंमतही आहे. पुष्कळ ठिकाणी युनियनचे जुने पत्रक शाखेत सापडत नाही, पण पोलिसांच्या फायलीत सापडते. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाचा खटला सुरू झाला. आपल्याकडचे डांगे, मिरजकर, निंबकर, घाटे, अधिकारी, तसेच जी.आय.पी. रेल्वेमेन्स युनियनचे के. एन. जोगळेकर त्यात आरोपी होते. पोलिसांनी देशभर झडत्या घालून पत्रे, पत्रके, सभेच्या नोंदी पोतीच्या पोती जप्त केल्या आणि खटल्यात दाखल केल्या. त्या काळच्या युनियनबद्दल लिहिणारा प्रत्येक जण आज या खटल्याचे कागद चाळतो. ज्यांनी आपल्याला तुरुंगात घालण्यासाठी कागद नेले त्यांनीच ते नंबर घालून राखले!

चेन्नईच्या कामगारांचा इतिहास लिहिणारे डी. वीरराघवन यांचेही नाव येथे घ्यावे. आयआयटी मद्रासमध्ये शिकवणारा हा माणूस दृष्टिहीन होता. १९१८ ते १९३९ या काळातल्या मद्रासच्या कामगारांवर त्यांनी संशोधन केले. ते २००९ साली वारले आणि २०१३ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. डोळ्यांनी न दिसणारा माणूस दप्तरातून आपला इतिहास उपसून काढतो, तर डोळस कार्यकर्त्याने निदान आपल्या कपाटाचे कुलूप तरी उघडावे.

मिरजेची नोकरी, मद्रासचा हुकूम

मराठी रेल्वे कामगाराने चेन्नईच्या दप्तराकडे परक्याचे म्हणून पाहू नये. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली, तिचे मुख्य ठाणे धारवाड. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा हा मार्ग तिचा. १ जानेवारी १९०८ पासून ती मद्रास रेल्वेबरोबर एक झाली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे हे नाव पडले. जुनी माणसे तिला एम.एस.एम. म्हणत. चेन्नई सेंट्रलजवळ आज दक्षिण रेल्वेचे मुख्यालय आहे ती १९२२ ची दगडी इमारत तिचीच. म्हणजे मिरजेच्या पॉइंट्समनची आणि घोरपडीच्या गँगमनची नोकरी कोणे एके काळी या इमारतीतल्या टेबलावर ठरत असे, आणि तिच्याही वरचे बोर्ड लंडनला बसत असे. १९३२ च्या अखेरीस पेरांबूरच्या वर्कशॉपमधून या रेल्वेत कपातीविरुद्ध संप झाला, तोही आपल्याच कंपनीतला संप.

१९४४ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. १९५१ साली दक्षिण रेल्वे झाली. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली. पुढे पुणे-मिरज-कोल्हापूर मध्य रेल्वेकडे आले. प्रत्येक वेळी रूळ जागेवर राहिले आणि कचेऱ्या हलल्या. त्या हलवाहलवीत कामगारांच्या कोणत्या फायली कुठे गेल्या? चेन्नईत २००२ पासून रेल्वेचे संग्रहालय आहे, जुनी इंजिने रंग देऊन उभी केली आहेत. इंजिन जपले हे उत्तम. त्या इंजिनात कोळसा ओढणाऱ्या फायरमनचे ड्यूटी रजिस्टरही त्याच मोलाचे नाही काय?

प्रश्न पोटापाण्याचाही आहे

कोणी म्हणेल, हे इतिहासाचे लाड झाले. तसे नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांचे उदाहरण पाहा. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होता, हे सिद्ध करणाऱ्याला किंवा त्याच्या वारसाला घरासाठी अर्ज करता आला. सिद्ध कशाने करायचे? गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, फंडाची स्लिप, विमा योजनेचे कार्ड. ज्या घरात आईने बापाचे कार्ड लुगड्याच्या घडीत ठेवले त्यांचा अर्ज उभा राहिला. ज्यांच्या घरी पावसाने ते नेले ते आजही खेटे घालत आहेत. चेन्नईतली बिन्नीची गिरणी १९९६ साली बंद पडली. गिरणी बंद पडली की यंत्रांचा लिलाव होतो, जमिनीचा भाव ठरतो. मस्टर आणि पगारपत्रके कोणाच्या स्वाधीन केली, हे विचारायला कोणी जात नाही.

रेल्वेत कॅज्युअल लेबरचे हेच झाले. १९८५ च्या इंदरपाल यादव खटल्यातील सुप्रीम कोर्टाच्या निकालाने प्रोजेक्टवरील कॅज्युअल कामगारांना टेंपररी दर्जाचा मार्ग मोकळा झाला. पण दिवस मोजायचे तर कार्ड हवे. आमच्या माहितीतल्या एका कामगाराला ऑफिसने सांगितले, जुने मस्टर वाळवीने खाल्ले, तुझे दिवस मिळत नाहीत. त्याच्या बायकोने पत्र्याच्या ट्रंकेतून कार्ड काढून दिले आणि शाखेच्या पावतीपुस्तकात त्या वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या निघाल्या. त्यावर त्याची केस उभी राहिली आणि पुढे पेन्शनही मिळाली. पावतीपुस्तक रद्दीत गेले असते तर?

काय करता येईल

आमचे म्हणणे थोडक्यात असे.

पहिले काम शाखेचे. प्रत्येक शाखेने एक लोखंडी कपाट किंवा पेटी फक्त जुन्या कागदांसाठी ठेवावी. सभावृत्ताच्या वह्या, सभासद नोंदवही, पावतीपुस्तके, संपाच्या नोटिसा, पी.एन.एम. बैठकांची टिपणे, चार्जशीट आणि त्यांची उत्तरे, पत्रके, फोटो, सगळे त्यात यावे. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवू नये, ओल लागते. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहावे. यादी करून तिची एक प्रत सेक्रेटरीकडे व एक फेडरेशनकडे द्यावी. यादी नसलेली पेटी म्हणजे अडगळ. कोणाच्या आजारपणाचे किंवा घरगुती भानगडीचे कागद असतील ते वेगळे बंद करून ठेवावेत, आपल्या माणसाची अब्रू आपणच राखली पाहिजे.

दुसरे काम माणसांचे. ८ ते २७ मे १९७४ हा संप ज्यांनी अंगावर घेतला त्यातले सर्वात तरुण गडीसुद्धा आज सत्तरीच्या पुढे आहेत. क्वार्टरमधून बाहेर काढलेली कुटुंबे, भूमिगत राहिलेले कार्यकर्ते, १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर कामावर परत घेतलेले बडतर्फ साथी, यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्याव्यात. घरच्या बायकांच्या आधी घ्याव्यात, चूल त्यांनी पेटती ठेवली होती. टपाल खात्यातही ११ जुलै १९४६ च्या पोस्टमनांच्या संपापासून सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

तिसरे, योग्य जागी प्रत द्यावी. रेल्वे युनियनमधून पुढे राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरी यांच्या नावाची राष्ट्रीय श्रम संस्था नोएडाला आहे. तेथे १९९८ पासून भारतीय श्रमिकांचे अभिलेखागार चालते आणि १९७४ च्या संपाची सामग्रीही तेथे जमवलेली आहे. मूळ कागद शाखेत ठेवून प्रत तेथे देता येईल.

चौथे, प्रशासनाला जाब विचारावा. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा रेल्वेला आणि टपाल खात्याला लागू आहे. ठरवून दिलेली पद्धत सोडून सरकारी कागद नष्ट करणे हा त्यात शिक्षेचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "वाळवीने खाल्ले" असे कोणी सांगितले तर नष्ट केल्याची नोंद दाखवा, असे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे.

"आता सगळे मोबाइलमध्ये असते, पेटी कशाला?" असे तरुण साथी म्हणतात. फोटो जरूर काढावेत. पण फोन बदलतो, ग्रुप बंद होतो, नंबर जातो, आणि पाच वर्षांपूर्वीचा ठराव कोणाच्या फोनमध्ये होता हे कोणालाच आठवत नाही. कागदाला कागदच लागतो. खर्चाचे म्हणाल तर एका गेट मीटिंगच्या मांडवाइतकासुद्धा खर्च यात नाही.

मद्रासच्या गव्हर्नरांनी आणि बिन्नी साहेबांनी आपले कागद जपले ते आपल्यासाठी नव्हे, तरी त्यातून आपल्या वाडवडिलांची झुंज दिसते. ती आणखी स्वच्छ दिसावी, आपल्याच शब्दांत दिसावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक शाखेने दप्तराचा ठराव मांडावा, एका साथीवर त्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी आणि त्या सभावृत्ताची पहिली प्रत त्याच पेटीत ठेवावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!